पाणी वाढलं

प्रश्न क्रमांक चौदा मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाचा ते शोधत बसायला नको. "गेल्या पाच वर्षांत तुमच्या वस्तीतले पाणी वाढले, कमी झाले की तेवढेच राहिले?" असा तो प्रश्न. साधा, सरळ, कुणालाही कळेल असा. आमच्या ऑफिसचे प्रमुख नंदकिशोर सर, त्यांनी तर त्याचं मीटिंगमध्ये कौतुक केलं होतं. "उत्तरा, प्रश्न असा असावा की अडाण्यालाही उत्तर देता यावं," असं ते म्हणाले होते. अडाण्यांनी बरोबरच उत्तर दिलं. वाचणारी शहाणी निघाली.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं मानव-परिसर अभ्यास केंद्र होतं. खाली रबरी चपलांचा कारखाना, वर आम्ही जगाच्या भवितव्याचा अभ्यास करणारे. रबराच्या वासाने डोकी उठायची, म्हणून आम्ही खिडक्या लावून घेऊन पर्यावरणावर चर्चा करायचो. मी मुलुंडहून बसने यायची. एम. ए. झालेली, इंग्रजी बरं, मराठी त्याहून बरं, असा माझा स्वतःबद्दलचा समज होता.

शहाऐंशी साली परदेशातल्या एका संस्थेने अकरा देशांतल्या गरीब वस्त्यांची पाहणी काढली. माणसाचा विकास किती झाला आणि त्या विकासापायी हवेचं, पाण्याचं, झाडांचं काय झालं, असा एकूण विषय. मुंबईतल्या बारा वस्त्या आमच्या केंद्राकडे आल्या. नुसता कागदी कारभार नव्हता. ज्या पाच वस्त्यांत पाणी सगळ्यांत जास्त घटलेलं दिसेल, तिथे ती संस्था स्वतःच्या पैशाने सार्वजनिक नळ बसवून देणार होती. म्हणजे माझ्या चौदाव्या प्रश्नाला नळाची तोटी लावलेली होती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बारांपैकी एक भांडुपच्या टेकडीवरची धाकूवाडी. धाकू नावाच्या गिरणी कामगाराने तिथे पहिलं खोपट उभं केलं, मग त्याच्या गावचे, मग गावाच्या शेजारच्या गावचे, अशी एकसष्ट घरं झाली. सगळी मालवणाकडची. बहुतेक पुरुष गिरण्यांतले, संपानंतर कुणी वॉचमन, कुणी रंगारी, कुणी नुसताच घरी. वस्तीला एक विहीर. तिला ते बाव म्हणतात. वरच्या अंगाला दगडाची खाण, खालच्या अंगाला शहराला पाणी नेणारे लोखंडी नळ, आत माणूस उभा राहील एवढे जाडे. रात्रंदिवस त्यांतून पाणी वाहायचं, पण ते खाली राहणाऱ्यांचं, म्हणजे आमचं.

वस्तीवस्तीतून फॉर्म भरायला आम्ही तिथलाच लिहिता-वाचता माणूस घेतला. धाकूवाडीत सहदेव मिळाला. गिरणीतून सुटलेला, मॅट्रिक झालेला, अक्षर असं की छापल्यासारखं. मी त्याला बजावून सांगितलं होतं, "सहदेव, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. लोक जसं बोलतील, अगदी तसंच लिहायचं." त्याने मान डोलावली आणि तसंच लिहिलं. एकसष्ट फॉर्मांपैकी अठ्ठावन्नांत चौदाव्या प्रश्नासमोर एकच उत्तर होतं. "पाणी वाढलं." कुठे "पाणी वाढला", कुठे "वाढला गो बाय".

मी "वाढले" ह्या शब्दासमोरच्या चौकोनात अठ्ठावन्न बरोबरच्या खुणा केल्या. एका दुपारी. चहा पीत.

आता मराठी वाचणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही, त्याने एव्हाना कपाळावर हात मारला असेल. आपल्या घरांत तांदूळ संपले असं म्हणत नाहीत, तांदूळ वाढले म्हणतात. मीठ वाढतं, तेल वाढतं, कुंकू वाढतं. भरल्या घरात "संपलं" हा शब्द उच्चारू नये, लक्ष्मी ऐकत असते. माझी आई दर आठवड्याला स्वयंपाकघरातून ओरडते, "उत्तरे, साखर वाढलीय गं, येताना घेऊन ये." आणि मी येताना साखर घेऊन येते. चौतीस वर्षं मी ही भाषा ऐकत होते. पण ऑफिसच्या टेबलाशी बसलं की माणसाचा कान वेगळा होतो. तिथे वाढलं म्हणजे इन्क्रीज्ड.

अहवाल अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत छापून आला. जाड, गुळगुळीत, वर निळ्या पृथ्वीचं चित्र. धाकूवाडीला त्यात चौकट मिळाली होती, वेगळ्या रंगाची. अकरा देशांत फक्त सात वस्त्यांत पाणी वाढलेलं आढळलं, त्यांतली एक आमची! नंदकिशोर सरांनी त्याचं कारणही शोधून काढलं. चौऱ्याऐंशी साली केंद्राने त्या टेकडीवर सुबाभळीची ऐंशी रोपं लावली होती. त्यामुळे पाणी मुरलं, त्यामुळे विहिरीला पाझर फुटला, असं त्यांनी दोन परिच्छेदांत सिद्ध केलं. ती रोपं पहिल्याच वर्षी बकऱ्यांनी खाल्ली होती. पण बकऱ्यांसाठी अहवालात प्रश्न नव्हता.

नळ पाच दुसऱ्याच वस्त्यांना मंजूर झाले. धाकूवाडीला मिळालं मानपत्र.

ते मानपत्र द्यायला आम्ही पाच जूनला, पर्यावरण दिनी, टेकडीवर गेलो. पायऱ्या कसल्या, दगडच. दोनशे दहा मोजले मी, पुढे दम लागला. वर खाणीची पांढरी धूळ घराघरांच्या पत्र्यांवर, तुळशींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली. सरांच्या बरोबर परदेशी संस्थेचा एक गोरा पाहुणा होता. सतरंजी घातली, सरबत फिरलं. सरबताला पाणी कुठून आणलं हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मग अहवालाचा मराठी सारांश मी वाचून दाखवला. माझाच अनुवाद, म्हणून आवाजात जरा ऐट होती. "धाकूवाडीने जगापुढे आदर्श ठेवला आहे. पाच वर्षांत येथील पाणी वाढले आहे."

बायकांनी माना हलवल्या. अगदी गंभीरपणे. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "खरा ता. वाढलाच." मला वाटलं, काय कृतज्ञ लोक आहेत.

टाळ्या झाल्यावर तीच म्हातारी माझ्याजवळ आली. सहदेवची आई, शेवंती. साठीची, बुटकी, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने माझा हात धरला. "बाय माझ्ये, चांगला वाचलंस. आता नळ कधी बसतलो ता सांग."

"नळ?" मी म्हटलं. "आजी, इथे नळ नाही यायचा. नळ पाणी कमी झालेल्या वस्त्यांना."

"मगे आमका नको?"

"तुमचं पाणी वाढलंय ना."

"तर! वाढलाच मां," ती म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की ह्या शिकलेल्या पोरीला झालंय तरी काय. मग धरलेला हात न सोडता ती मला विहिरीवर घेऊन गेली. कठड्यावर हळदकुंकवाची बोटं होती, ताजी. मी वाकून बघितलं. तळाला भेगा पडलेला चिखल, त्यात एक फुटका पोहरा आणि खाणीतून उडालेले दगड. पाण्याचं नाव नव्हतं.

मला तिथेच कळलं. "आजी," मी म्हटलं, "हे तर संपलंय!"

तिने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "शीः! बावीर उभ्या रवान असा बोलतत? तुझ्या आवशीन तुका शिकवल्यान नाय काय गो?"

शिकवलं होतं. तेच तर.

तिची सून मालन मागे येऊन उभी होती. मरोळलाच एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत कामाला जायची ती, आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. पहाटे खालच्या चाळीतल्या नळावरून दोन हंडे वर आणायचे, मग आंघोळ, मग बस, संध्याकाळी परत दोन हंडे. चाळीतल्या बायका शिव्या द्यायच्या त्या वेगळ्या. "मॅडम," ती मला म्हणाली, "मी एकदा बोलले होते, पाणी संपलं म्हणून. सासूबाईंनी थोबाडीत दिली माझ्या. ह्यांना बोलले, तुम्ही तरी फॉर्मात सरळ लिवा. तर हे बोलले, मॅडमनी सांगितलंय, जसं बोलतात तसंच लिवायचं. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना समजतं."

त्या संध्याकाळी घरी पाय ठेवला तर आई म्हणाली, "तेल वाढलंय गं." मी तिच्यावर ओरडले. "संपलं म्हण! सरळ संपलं म्हणायला तुझी जीभ झडते का?" आई बघतच राहिली. मग देव्हाऱ्याकडे वळून तिने हात जोडले. तिचा काहीच दोष नव्हता, पण कुणावर तरी ओरडायला हवं होतं. स्वतःवर ओरडायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर सरांना सगळं सांगितलं. ते मोठ्याने हसले. मराठी माणूसच तो, गिरगावात वाढलेला, त्यांना गंमत लगेच कळली. "वा! काय भाषा आहे आपली! ह्यावर एक लेख होईल, उत्तरा."

"सर, लेख राहू दे. दुरुस्तीचं पत्र पाठवायला हवं. मी टाइप करून आणलंय."

ते वाचत असताना त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "हे बघ, अहवाल अकरा देशांत गेलाय. सुबाभळीच्या चौकटीवर पुढच्या प्रोजेक्टची बोलणी चाललीयत. आता आपण कळवायचं, की आम्हाला आमचीच भाषा कळली नाही?"

"तेच खरं आहे."

"एका विहिरीने जगाचं चित्र बदलत नाही. डोंट बी सेंटिमेंटल."

"सर, जगाचं चित्र अशा विहिरींचंच काढलंय ना आपण?"

त्यांनी पत्राची घडी घातली आणि खणात ठेवली. "दुसरा राउंड येतोय पुढच्या वर्षी. तेव्हा आपोआप दुरुस्त होईल." मी बाहेर आले. राजीनामा दिला असता, परस्पर परदेशी पत्र पाठवलं असतं, तर ही गोष्ट सांगायला मला बरं वाटलं असतं. मी दोन्ही केलं नाही. वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालत होतं, हे खरं आहे. आणि मला भीती वाटली, हेही खरं आहे. वर त्याच वर्षी मला सीनियर केलं, आणि मी ते घेतलं.

फेब्रुवारीत सहदेव ऑफिसात आला. चपला बाहेर काढून, हातातली पिशवी पोटाशी धरून दारात उभा. मालन हंड्यांसकट दगडांवरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं. कंपनीने पंधरा दिवस वाट बघून दुसरी मुलगी घेतली. आता म्हातारी शेवंती पाणी भरत होती, एकेक कळशी करून.

"मॅडम, ती माझीच चूक झाली," सहदेव म्हणाला. "मी कंसात लिवायला पायजे होतं ना, वाढलं म्हणजे संपलं म्हणून. एवढी जागा होती कागदावर."

"तुझी नाही रे चूक."

"अक्षर तर माझंच ना," तो म्हणाला. त्याने मला शिवी दिली असती तर मी त्याची आभारी झाले असते. तो फक्त एवढंच विचारायला आला होता, की नवीन राउंडमध्ये पाण्याचं परत विचारणार का. मी म्हटलं, हो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

नवे फॉर्म एप्रिलमध्ये छापून आले. मी चौदावा प्रश्न शोधला. तिथे रेडिओ होता. "घरात रेडिओ आहे का? आहे / नाही." सगळी पानं उलटून बघितली. शाळा होती, लसी होत्या, दूरदर्शन संच होता, संडास होता. धाकूवाडीच्या गठ्ठ्यात पाणी नव्हतं. सरांना विचारलं. ज्या वस्त्यांचा पाण्याचा प्रश्न सुटलेला आहे, तिथे तो परत विचारू नये, असं वरून कळवलं होतं म्हणे. वेळ वाचतो. मग पत्राचं विचारलं, तर सरांनी खण उघडून दाखवला. पत्र जपून ठेवलेलं होतं.

आपल्या हातून परत चूक नको, असं म्हणून सहदेवने ह्या वेळी फॉर्म भरायला नकार दिला. म्हणून मी गेले. हातात एकसष्ट कोरे फॉर्म घेऊन परत ते सगळे दगड चढले आणि वर पोचले, तर सगळ्या बायका उंबऱ्यांच्या आत उभ्या होत्या. माझीच वाट बघत. शेवंतीने त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की ह्या बाईला आपली बोली कळत नाही, तिला तिच्या बोलीत सांगायला लागेल.

ती पहिली पुढे आली. आधी तिने घरात जाऊन देव्हाऱ्यावर फडका टाकला. मग पदर खांद्यावरून घेऊन, उंबऱ्याच्या बाहेर आली. चांगली चार पावलं बाहेर, घराची हद्द संपते तिथे. विहिरीकडे तिने पाठ केली. साठ वर्षांत जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो काढायला तिला वेळ लागला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"लिव," ती म्हणाली. "पाणी संपला."

आणि लगेच तिने दोन्ही हातांनी गालांवर मारून घेतलं.

मला सांगायला हवं होतं, की आजी, थांबा, हे कुणी विचारलेलं नाही. तोंड उघडलंही मी. पण तिच्या मागे दुसरी बाहेर आली, मग तिसरी. घराघरांतून बायका चार पावलं बाहेर येत होत्या, विहिरीकडे पाठ करत होत्या आणि म्हणत होत्या, संपला, संपलं, संपला गो. एक नवी लग्न होऊन आलेली पोर होती, तिला रडूच फुटलं, तिच्या सासूने तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याकडून म्हणवून घेतलं. मी प्रत्येकीसमोर फॉर्म धरत होते आणि पेन चालवत होते. कुठेतरी चालवायला हवं, म्हणून चौदाव्या प्रश्नासमोर चालवत होते. नाही. नाही. नाही. बऱ्याच जणींकडे रेडिओ असेलही. मी विचारलं नाही.

सगळं झाल्यावर शेवंती माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत जरा धुगधुगी. "सगळ्यांचा लिवलंस?"

"लिहिलं आजी."

"माझा खंय आसा? दाखव."

मी तिच्या फॉर्मवर चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिने त्या खुणेवरून आपलं खरबरीत बोट फिरवलं. मग कागद माझ्या हातातून घेऊन ती घरात गेली. "मालन वाचता. ह्या खेपेक चूक नको रवाक."

मी तिच्या मागे धावले, पण उंबऱ्यापर्यंत पोचेतो कागद मालनच्या हातात गेला होता. ती खाटेवर होती, कमरेखाली उशी. तिने कागद उजेडात धरला. ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"काय गो? बरोबर लिवल्यान मां?" शेवंतीने विचारलं.

मालनने कागदाची नीट घडी घातली आणि सासूच्या हातात दिली.

"होय आये," ती म्हणाली. "सगळा लिवलेला आसा. तुमी म्हटलात तसाच."